नाव बदलायचंय? आधी गॅझेट, आणि कोर्ट कधी, कसं ते सविस्तर

मला घरी-दारी सगळे ज्या नावाने ओळखतात ते नाव माझ्या एकाही कागदावर नव्हतं. कारण जुनंच, माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने मला धोंडू ठेवलं, आजोबांनी शाळेत तेच सांगितलं, आणि मग दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, नोकरी, सगळीकडे धोंडू. गावात कुणी या नावाने हाक मारली नाही कधी, पण बँकेत मारतात! अशी नावं आपल्याकडे काय कमी आहेत का. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा, नकोशी अशी नावं असलेल्या २८० पेक्षा जास्त मुलींना एकाच कार्यक्रमात नवीन नावं दिली होती, आठवत असेल. पण नाव ठेवणं एका दिवसाचं काम, कागद बदलणं वेगळंच प्रकरण. मी त्यातून गेलोय, गॅझेटही केलं आणि कोर्टही, म्हणून लिहितोय. मी वकील नाही हे आधीच सांगतो, तुमच्या केसला वकील लागेलच, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं ते तरी कळेल.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाका. नाव बदलायला आपल्याकडे कोर्टाची परवानगी लागत नाही. सज्ञान माणूस स्वतःचं नाव स्वतः बदलू शकतो, प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये छापून आणायचं, झालं. बहुतेकांचं काम इथेच संपतं. कोर्ट तुम्हाला नाव देत नाही, तुमचं नाव मान्य करा असं एखाद्या ऑफिसला सांगतं. हा फरक मला दीड वर्ष उशिरा कळला, त्यामुळे पुढचं सगळं याच्यावरच आहे.

गॅझेटचं काम

प्रतिज्ञापत्रात जुनं नाव, नवीन नाव, कारण, पत्ता, आणि दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे असं स्पष्ट वाक्य. हे वाक्य विसरू नका, बँकवाले नेमकं तेच शोधतात. सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस स्टॅम्प पेपर घ्यायलाच लावेल, भांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी नाही भांडलो.

गॅझेटचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या वेबसाईटवर ऑनलाईन होतो. आधी लोक यासाठी चर्नी रोडच्या ऑफिसला रांगा लावायचे. फॉर्म भरताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग एकेक अक्षर मोठ्याने वाचून बघा, शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा. आपल्याच नावातली चूक आपल्याला दिसत नाही, आणि एकदा छापलं की छापलं, परत नवीन अर्ज नवीन पैसे. माझ्या ओळखीत एकीचं ईकारान्त नाव इंग्रजीत डबल ई ने गेलं आणि आधारवर आय आहे, बसली परत करत.

जाहिरात छापून येते ती साप्ताहिक राजपत्राच्या भाग दोन मध्ये, संकीर्ण सूचना व जाहिराती असं त्याचं नाव, अंक गुरुवार ते बुधवार असा निघतो. पीडीएफ डाऊनलोड करा आणि तुमचं नाव असलेलं पान आणि पहिलं पान दोन्हीच्या प्रिंट काढून ठेवा, अंकाची तारीख पहिल्या पानावर असते आणि काही ठिकाणी ते पान नाही म्हणून परत पाठवतात.

आता त्याच गॅझेटमध्ये वरती एक बारीक ओळ असते ती वाचा. शासन या मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी घेत नाही, कागदपत्रांची पडताळणी न करता निव्वळ अर्जावरून छापलंय, अशा अर्थाची. म्हणजे गॅझेट हा तुम्ही जगाला सांगितल्याचा पुरावा आहे, सरकारने तपासून मान्य केल्याचा नाही. काही ऑफिसं गॅझेट बघून लगेच बदल करतात आणि काही हात वर करतात ते यामुळेच.

जोडीला पेपरात एक जाहिरात द्या, एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर असेल तर उत्तम, अख्खं पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको.

गॅझेटवर काय होतं आणि कुठे अडतं

आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, गाडीचं लायसन हे गॅझेटवर होतं, थोडे हेलपाटे पडतात पण होतं. आधार सगळ्यात आधी करा कारण बाकीचे त्याच्याशी जुळवतात. पण आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे गॅझेट हातात येईपर्यंत घाईने अर्धवट बदल करून एक संधी घालवू नका.

लग्नानंतरचं नाव असेल तर मॅरेज सर्टिफिकेटवर बरीच कामं होतात. आणि लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, सासरचे काहीही म्हणोत.

अडतं ते दोन ठिकाणी, जन्मदाखला आणि शाळा-बोर्डाची सर्टिफिकेटं.

जन्मदाखल्यावर नावच टाकलेलं नसेल तर ते सोपं आहे, महाराष्ट्रात जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव टाकता येतं. नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकच दुरुस्ती करू शकतो, मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला शेरा मारतात. पण तुम्हाला नवीन नाव हवंय म्हणून बदल मागितला तर ते म्हणणार ही चूक नाही, तेव्हा जे लिहिलं ते बरोबरच होतं. आणि कायद्याने बघितलं तर त्यांचं चुकत नाही.

शाळेचं अजून कडक. माध्यमिक शाळा संहितेत नियम २६.४ आहे, त्यानुसार शाळा सोडल्यावर नाव, जात, जन्मतारीख यात बदल होत नाही, फक्त उघड दिसणारी चूक दुरुस्त होते. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाचा निकाल आला की उघड चूक असेल तर शाळा सोडल्यानंतरही दुरुस्ती करता येते. म्हणजे जन्मदाखल्यावर सुनीता आणि शाळेत सुनिला लागलं तर या निकालाचा हवाला देऊन आधी मुख्याध्यापकांकडे आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, कोर्टापर्यंत जायची वेळ येणारही नाही.

सीबीएसईवाल्यांसाठी सुप्रीम कोर्टाचा ३ जून २०२१ चा निकाल आहे आणि तो सगळ्यांनीच समजून घ्यावा कारण त्यात फार नीट फोड केलीय. बदल दोन प्रकारचे. एक, जन्मदाखला, आधार अशा कागदांवर जे नाव आधीच आहे त्याच्याशी सर्टिफिकेट जुळवायचं, तिथे सरकारी कागदाला खरं धरून बदल व्हायला पाहिजे. दुसरा, माणसाने स्वतःच्या मर्जीने नवीन नाव घेतलंय, तिथे बोर्ड कोर्टाचं डिक्लरेशन, म्हणजे हे नाव याच माणसाचं अशी कोर्टाने केलेली घोषणा, आणि गॅझेट दोन्ही मागू शकतं, आणि नवीन सर्टिफिकेटवर जुन्या नावाचा उल्लेखही ठेवू शकतं.

तुमची केस पहिल्या प्रकारात बसते का ते शोधा. माझी बसत नव्हती, कारण ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला पण धोंडूच.

कोर्टात जायच्या आधी

लेखी नकार मिळवा. हे इतकं महत्त्वाचं आहे की परत लिहितो, लेखी नकार. खिडकीवरचा क्लार्क होत नाही म्हणाला याला काही किंमत नाही. रीतसर अर्ज करा, सोबत गॅझेट, प्रतिज्ञापत्र, आधार, पेपर, आणि पोच घ्या. उत्तर देत नसतील तर स्पीड पोस्टाने स्मरणपत्र, तरीही उत्तर नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकून माझ्या अर्जावर काय कारवाई केली ते विचारा, कागद बाहेर येतोच. दाव्याला कारण घडलं ते या नकाराच्या तारखेला, आणि डिक्लरेशनच्या दाव्याची मुदत हक्क पहिल्यांदा उपस्थित झाल्यापासून ३ वर्षं असते, तेव्हा नकार घेऊन पाच-सहा वर्षं फाईलीत ठेवू नका.

मग नोटिस. सरकारला किंवा सरकारी अधिकाऱ्याला प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटिस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. महापालिका असेल तर त्यांच्या कायद्यात नोटिशीचं वेगळं कलम आहे. ॲडमिशन किंवा परदेशी जाण्यासारखी घाई असेल तर कलम ८०(२) खाली कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो, पण समोरच्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काही मिळत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कित्येक बायकांना हे माहीतच नसतं आणि उसने पैसे काढून फी भरतात.

दावा की रिट

दोन रस्ते आहेत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात डिक्लरेशनचा दावा, नाहीतर हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट, म्हणजे ऑफिसला आदेश द्या असा थेट हायकोर्टाकडे अर्ज. कागद सगळे पक्के आहेत, वाद कशाचाच नाही, फक्त ऑफिस नियम दाखवून काम करत नाही, अशा वेळी रिट बरी, साक्षीपुराव्याची भानगड नसते. पण तुम्ही याच नावाने कधीपासून ओळखले जाता वगैरे साक्षीने शाबीत करायचं असेल तर हायकोर्ट सांगणार, दिवाणी कोर्टात जा. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच सर्किट बेंच झालंय, आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

मी दाव्याच्या रस्त्याने गेलो.

दावा, आणि माझी चूक

स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ चं कलम ३४, याखाली डिक्लरेशन मागतात, की धोंडू अमुक तमुक आणि नवीन नावाची व्यक्ती एकच आहे आणि नवीन नाव वापरायचा मला हक्क आहे. माझ्या पहिल्या वकिलांनी एवढंच मागितलं आणि प्रतिवादी म्हणून फक्त राज्य सरकार तर्फे जिल्हाधिकारी. दावा छान दिसत होता. दीड वर्षाने दुसऱ्या एका वकिलांना सहज कागद दाखवले तर ते हसले, म्हणाले हा जिंकलात तरी भिंतीवर फ्रेम करून लावायचा.

कारण दोन. पहिलं, कलम ३५ म्हणतं की डिक्लरेशन फक्त दाव्यातल्या पक्षकारांना बंधनकारक. ज्या दोन ऑफिसांनी मला नकार दिला ती दाव्यात नव्हतीच, ती आरामात म्हणू शकली असती, आम्हाला काय त्याचं. दुसरं, नुसत्या डिक्लरेशनची अंमलबजावणी करता येत नाही, ते कोर्टाचं जाहीर केलेलं मत, त्यात कुणाला काही करायचा आदेश नसतो. शिवाय कलम ३४ मध्येच लिहिलंय की पुढची दाद मागता येत असताना ती मागितली नाही तर डिक्लरेशनही मिळणार नाही. म्हणजे मी जिंकायच्या आधीच हरायची पण सोय होती.

मग दुरुस्ती अर्ज देऊन नकार देणारी दोन्ही ऑफिसं प्रतिवादी म्हणून आत घेतली, शाळा पण घेतली, आणि प्रार्थनेत, म्हणजे कोर्टाकडे काय मागतोय त्या भागात, मँडेटरी इंजंक्शन जोडलं, कलम ३९, म्हणजे रेकॉर्डला नवीन नावाची नोंद घेऊन दुय्यम सर्टिफिकेट द्या असा आदेश. आठ महिने यातच गेले. म्हणून दावा दाखल होण्याआधी ड्राफ्ट मागून घ्या आणि दोनच गोष्टी बघा, मला नाही म्हणणारे सगळे यात आहेत का, आणि त्यांनी नेमकं काय करायचं ते प्रार्थनेत लिहिलंय का. बाकी कायद्याची भाषा वकिलावर सोडा.

दावा लागला की केसला १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. हे करा, नाहीतर दर तारखेला वकिलांच्या क्लार्कला फोन करत बसाल. समन्स जातं, समोरचे हजर होतात, ३० दिवसात, फार तर ९० दिवसात त्यांनी कैफियत म्हणजे लेखी उत्तर द्यायचं असतं. सरकारी कैफियत ठराविक असते, सगळं नाकबूल, दावा खर्चासह फेटाळावा, ते वाचून घाबरू नका. कुणीच आलं नाही तर एकतर्फा चालतो, पण एकतर्फा म्हणजे आपोआप जिंकलो असं नाही, पुरावा द्यावाच लागतो.

मग कोर्ट कशाकशावर निर्णय द्यायचा ते मुद्दे काढतं, आणि तुमचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष लेखी. यात कारण खरं आणि साधं लिहा. मी लिहिलं की या नावाची लहानपणापासून चेष्टा झाली, माझ्या मुलांच्या शाळेत पण होते, आणि घरी-समाजात मला दुसऱ्या नावाने ओळखतात. सोबत लग्नपत्रिका, जुनी पत्रं, सोसायटीची पावती, नव्या नावाचे जे जे जुने कागद सापडले ते मूळ प्रतीत दिले, त्यावर निशाणी म्हणजे पुराव्याचा नंबर पडतो. साक्षीदार म्हणून काका आणि एक शेजारी. शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांना समन्स काढून मागवता येतं, माझ्या वेळी तर क्लार्कच रजिस्टर घेऊन आला आणि बाहेर चहा पिताना म्हणाला, साहेब आमच्याकडे तुमच्यासारखे वर्षाला तीन-चार असतात.

उलटतपासात मला तीनच गोष्टी फिरवून फिरवून विचारल्या. कर्ज बुडवलंय का, गुन्हा दाखल आहे का, जातीचा किंवा नोकरीचा फायदा घ्यायचाय का. नाव बदलून देणी किंवा केसेस सुटत नाहीत, तरी कोर्टाला ती शंका येणारच, तेव्हा काही प्रलंबित असेल तर लपवू नका, शपथपत्रात स्वतःच सांगा. आडनाव बदलणाऱ्यांनी जास्तच जपावं, आडनाव बदलल्याने जात बदलत नाही, आणि जात पडताळणी समिती वडील-आजोबांच्या जुन्या शाळेच्या नोंदी बघते, त्यात जुनं आडनाव असतं, दुवा तुटला तर मुलांचं जात वैधता प्रमाणपत्र अडकतं. जुने दाखले फेकू नका, लॅमिनेट पण करू नका.

मुलांचं नाव

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचं गॅझेट पालकाच्या अर्जावर होतं, आई-वडील दोघांच्या सह्या असतील तर प्रश्नच नाही. वाद असेल तर कोर्ट मुलाचं हित बघतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वडील वारल्यावर मुलाची नैसर्गिक पालक म्हणून आडनाव ठरवायचा हक्क आईला आहे. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्य सरकारच्या कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असंच लिहायचंय, त्यामुळे लहान बाळाच्या नावात बदल करताना हा क्रम धरूनच फॉर्म भरा. शक्यतो मूल शाळेत असतानाच सगळं करून घ्या, एकदा शाळा सुटली की तो २६.४ आडवा येतो.

निकालानंतर

निकाल लागला की लगेच नकलेचा अर्ज टाका, निकालपत्र आणि हुकूमनामा (निकालातला आदेश नेमका काय ते सांगणारा कागद) दोन्हीच्या सर्टिफाईड कॉपी, आणि एक नाही चार-पाच सेट काढा कारण प्रत्येक ऑफिस मूळ नक्कल ठेवून घेतं. जिल्हा कोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस असते, ती संपायच्या आत ऑफिसात गेलात तर ते थांबायला सांगतात, मीही एक चक्कर वाया घालवली. मुदत गेल्यावर कव्हरिंग लेटर, नक्कल, गॅझेट, जुनं मूळ सर्टिफिकेट, आणि पोच.

त्यातूनही कुणी ढिम्म बसलं तर त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज, लावायची. मँडेटरी इंजंक्शनच्या हुकूमनाम्याला दरखास्तीची मुदत ३ वर्षंच आहे, बाकी हुकूमनाम्यांसारखी १२ नाही, त्यामुळे साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या, असं ऐकत बसू नका. मला दरखास्त लावावी लागली नाही, वकिलांच्या लेटरहेडवर एक आठवण पाठवली आणि तीन आठवड्यात सर्टिफिकेट आलं. नवीन नाव वर आणि खाली बारीक अक्षरात पूर्वीचे नाव धोंडू. आधी थोडं खटकलं, पण नोकरीच्या ठिकाणी सर्व्हिस बुक बदलताना त्या एका ओळीमुळेच कुणी दुसरा कागद मागितला नाही.